तेविसाव्या स्तोत्राएवढा उजेड

आमच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण बाबांच्या खऱ्या कामाला त्याचा काही उपयोग नव्हता. अंधारात काटे दिसत नाहीत आणि काटे बघायला काडी ओढली तर फोटोची वाट लागते, म्हणून बाबा रात्रीच्या फोटोचा वेळ बायबलातल्या स्तोत्रांवर मोजायचे. लेन्सचं तोंड उघडायचं आणि पुटपुटायला लागायचं. रस्त्यावरचे दिवे असले तर तेविसावं स्तोत्र एकदा, सावकाश, घाई न करता. नुसतं चांदणं पडलेली टेकडी असली तर तेच आठ-दहा वेळा. आकाशातल्या ताऱ्यांच्या रेघा उमटवायच्या असल्या तर मात्र एकशे एकोणिसावं, म्हणजे सगळ्यात लांबलचक, ज्याला आम्ही पोरं रविवारच्या शाळेत थरथर कापायचो ते. बाबांना ते तोंडपाठ होतं ते भक्तीमुळे की ताऱ्यांमुळे, हे आमच्या उपदेशकांनाही कधी कळलं नसावं. आई म्हणायची, "देवाला मापटं केलंय ह्या मानसानं."

बाबा बाजारातल्या एका स्टुडिओत कामाला होते. दिवसभर तिथं बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची, नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण पुसायचे, नवऱ्या मुलाचे कान थोडे आत घ्यायचे. संध्याकाळी घरी आले की बोटं काळी, मान आखडलेली. आई तव्यावरून भाकरी उतरवून थेट त्यांच्या ताटात टाकायची, बाजरीची, पापुद्रा फुगलेली, आणि वर शेंगदाण्याची चटणी, आणि ते चार घास खाऊन आकाशाकडे बघायचे. माणसांचे फोटो पोटासाठी आणि अंधाराचे माझ्यासाठी, असं ते म्हणायचे. आईला हे अजिबात पटायचं नाही. ती सोनईकडची, शेतात राबून आलेली. अंधाराचा फोटो काढायचा तर डोळे मिटून बसावं, रोल कशाला जाळायचा, हा तिचा सवाल होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा तो बिनतोड वाटायचा.

पण रात्रीचा फोटो रात्री काढायचा नसतो, हे मी बाबांकडून शिकले. पुरती रात्र झाली की आकाश आणि डोंगर दोन्ही कोळशासारखे होतात, फोटोत नुसते दिव्यांचे ठिपके उरतात, कुठं टांगलेत ते कळत नाही. म्हणून बाबा एकाच फोटोत दोन वेळा उजेड घ्यायचे. दिवेलागणीच्या जरा आधी स्टँड रोवायचा, त्याला खालून दगडांची पिशवी अडकवायची म्हणजे वाऱ्यानं हलत नाही, आणि पहिला उजेड घ्यायचा. त्यात डोंगर, झाडं, इमारतीच्या कडा येतात. मग लेन्सवर टोपण घालायचं आणि थांबायचं. रोल पुढं सरकवायचा नाही, स्टँडला शिवायचं नाही, जवळ शिंकायचंसुद्धा नाही. खाली दिवे लागले, आकाश काळं झालं की टोपण काढून दुसरा उजेड घ्यायचा, त्याच फोटोवर. मध्येच ट्रकचे दिवे आले तर काळा पुठ्ठा आडवा धरायचा आणि स्तोत्रही तिथंच थांबवायचं, ट्रक गेला की पुढच्या शब्दापासून सुरू. लेन्सचं तोंड बारीक करून आठ नंबरवर ठेवायचं, कारण पूर्ण उघडलं तर दिव्यांचे गोळे होतात. परवा माझ्या नातवानं मोबाईल वर धरला, मोबाईलनं त्याला तीन सेकंद हलू नकोस असं सांगितलं आणि झाला रात्रीचा फोटो. चांगला आला, नाही कशाला म्हणू. पण तीन सेकंदांत काय होतंय, मनात एक नाव घेऊन होत नाही.

विजूदादा लष्करात होता. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठा, उंच, हसला की बाबांसारखा एका बाजूनं हसायचा. आम्ही कॅम्पाच्या गावची माणसं. सरावाचे रणगाडे लांब माळावर धडाडले की आमच्या मांडणीतली भांडी किणकिणायची आणि आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, झाली सुरू ह्यांची दिवाळी. त्यामुळे पोरगा लष्करात जाणं ही आमच्या गल्लीत काही आक्रीत गोष्ट नव्हती. त्या वर्षी पाऊस सरता सरता तो सुट्टीवर आला. आईनं त्याच्यासाठी राहुरीकडची एक मुलगी मनात धरली होती आणि त्या लोकांना दाखवायला तिला फोटो हवा होता, गणवेशातला. आता गंमत बघा, बाप फोटोच्या धंद्यात आणि मोठं झाल्यावरचा पोराचा एकही फोटो घरात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाबा म्हणाले, उद्या ये स्टुडिओत. दादा म्हणाला, त्या रंगवलेल्या पडद्यावरच्या कारंज्यासमोर मी उभा राहणार नाही, माझे दोस्त हसतील. काढायचा तर चांदबिबी महालावर काढा, खाली सगळं नगर दिसतं तसा.

मग काय, बाबांना आयतंच निमित्त मिळालं. दुसऱ्या दिवशी दुपारीच दोन सायकली निघाल्या, एकीवर बाबा आणि स्टँड, दुसरीवर दादा आणि मागं मी. पाथर्डी रस्त्यानं गेलो. आईनं धपाटे आणि लसणीची चटणी फडक्यात बांधून दिली होती. डोंगराची चढण लागली तेव्हा दादानं मला उतरवलं नाही, सायकल ढकलत नेली. वर पोचलो तर वारा नुसता अंगावर यायचा. बाबांनी जागा निवडली, कॅमेरा उंचावर आणि दादा खाली कठड्यावर, त्याच्या पाठीमागं खोलवर नगर पसरलेलं. बाबांनी त्याला बजावलं की पहिला उजेड घेईन तेव्हा दगडासारखा बस, मग पाय मोकळे कर, पण दुसऱ्या उजेडाच्या आधी पुन्हा नेमक्या तिथंच येऊन बसायचं. तिथं नसलास तर मागचे दिवे तुझ्या जागेवर उमटतील. दादा मान डोलावून बसला. बाबांनी कॅमेऱ्याला जोडलेल्या तारेचं बटण दाबून धरलं आणि ओठ हलायला लागले.

पहिला उजेड छान झाला. मग अंधार पडायला लागला, आणि तो डोंगरावर कसा पडतो ते शहरात राहणाऱ्याला सांगून कळायचं नाही. खाली नगरात एक एक दिवा लागत होता आणि वर आमचे हातपाय आम्हाला दिसेनासे झाले होते. मी स्टँडच्या पलीकडं एका दगडावर बसले होते. पुठ्ठा माझ्या हातात होता. मागं त्या जुन्या इमारतीत वारा घुमत होता आणि मला भीती वाटत होती, पण सांगायची लाज. बाबांनी टोपण काढलं आणि स्तोत्र सुरू केलं. तेवढ्यात माझ्याशेजारी कोणीतरी येऊन बसलं. दादा होता. त्यानं अंगातली लष्करी जर्सी काढून माझ्यावर टाकली, लोकरीला साबणाचा आणि विडीचा वास येत होता, आणि माझा हात धरून तो हळू आवाजात माझ्याशी बोलत बसला. बाबांना पुठ्ठा हवा होता म्हणून ते वळले तेव्हा त्यांना कळलं. ते काही बोलू शकेनात, कारण बोलले तर स्तोत्र तुटतं. स्तोत्र संपल्यावर मात्र त्यांनी दादाला चांगलंच झापलं. एवढा घोडा झालास, एक मिनिट बूड टेकवत नाही, फोटो नासवलास. दादा हसत राहिला. पुढच्या सुट्टीत परत काढू, त्यात काय एवढं, असं म्हणाला.

सुट्टी संपण्याआधीच त्याला बोलावणं आलं. रोल कॅमेऱ्यातच राहिला. अर्ध्याहून जास्त रिकामा रोल धुणं म्हणजे बाबांच्या लेखी पाप होतं आणि तो फोटो तर त्यांच्या मते बिघडलेलाच होता, म्हणून त्यांना घाई नव्हती. आई दर चार दिवसांनी विचारायची, धुतला का. बाबा म्हणायचे, संपू दे. ती म्हणायची, माझं पोर तुमच्या त्या डबड्यात कोंडून पडलंय आन तुमी रोल संपायची वाट बघा.

मग लढाई सुरू झाली आणि गावात ब्लॅकआऊट आला. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्याला काळा रंग, चुलीचा जाळसुद्धा बाहेर दिसता कामा नये. नाताळ तोंडावर आलेला, दारोदार कागदी तारे तयार होऊन पडलेले, पण लावणार कोण. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन गस्त घालायची. त्यांचा म्होरक्या शशी, दादाचा जिवाभावाचा दोस्त, लहानपणापासून आमच्याच ताटात जेवलेला. त्यानं टॉर्चला निळा कागद लावला होता आणि कुणाच्या फटीतून उजेड दिसला की तो असा ओरडायचा की विमान राहिलं बाजूला, आम्हीच घाबरायचो.

आणि अशा वेळी आमच्या बाबांना काय सुचावं. त्यांना जन्मभर एक हळहळ होती की गावाच्या उजेडामुळं गावावरचे तारे फोटोत येत नाहीत. आता आख्खं नगर काळंकुट्ट पडलं होतं आणि देवळाच्या मनोऱ्यावर, म्हणजे आमच्या चर्चच्या, तारे असे उतरले होते की हात लावावा. आई नको नको म्हणत होती. बाबा म्हणाले, अगं, उजेड कुठं करतोय मी, उजेड घेतोय. रोलही संपेल, तुझा फोटोही मिळेल. ह्या शेवटच्या वाक्यावर आई गप्प बसली. पुढं आयुष्यभर तिनं ते गप्प बसणं स्वतःला लावून घेतलं, हे मला माहीत आहे.

गच्चीवर त्यांनी दोन फोटो काढले. तिसऱ्याला त्यांनी एकशे एकोणिसावं धरलं. मी जिन्यात बसले होते. भर थंडीत, सगळी गल्ली चिडीचूप असताना, वरून एका माणसाचं न थांबणारं पुटपुटणं खाली रस्त्यावर ऐकू जात होतं. गस्तीच्या पोरांना काय वाटलं असेल ते तुम्हीच सांगा. त्या दिवसांत हेरांच्या आणि बिनतारी यंत्रांच्या गोष्टी घरोघर चालल्या होत्या. पोरं धडाधडा जिना चढून माझ्या अंगावरून वर गेली. कोणाशी बोलताय, असं शशीनं दरडावून विचारलं. आणि बाबांनी काय केलं, तर थांबा म्हणून हात वर केला आणि पुटपुटणं तसंच पुढं चालू ठेवलं. ताऱ्यांची रेघ तुटू नये म्हणून. एवढी एक ओळ होऊ दे, मग बोलतो, अशा अर्थाचा तो हात होता, मला तो ओळखू आला, पण पोरांना कसा यावा. शशीनं स्टँडवरचं ते यंत्र हिसकावलं, चाचपून त्याची मागची झडप उघडली आणि आत निळा टॉर्च मारला.

बाबांचं स्तोत्र तेव्हा थांबलं. त्यांनी पुढं झेपावून झडप बंद केली आणि कॅमेरा पोटाशी धरून खाली बसले. फिल्म गुंडाळलेल्या कागदाच्या वळकटीपलीकडं आत काही नाही हे पोरांनाही दिसलं होतं. ती खजील होऊन उभी राहिली. शशी म्हणाला, काका, मला वाटलं... बाबा फक्त एवढंच म्हणाले की त्यात विजूचा फोटो होता. शशी जिन्यात माझ्याशेजारी बसला आणि एवढा दांडगा मुलगा रडायला लागला. बाबांनी त्याच अंधारात रोल काढला, काळ्या कागदात गुंडाळला आणि पत्र्याच्या डबीत घालून कपाटात ठेवला. आईला सांगितलं, गेला सगळा.

लढाई आपण जिंकलो. गल्लीत पेढे वाटले, खिडक्यांचे काळे कागद पोरांनी टराटरा फाडले. आईनं नाताळच्या करंज्या तळायला घेतल्या, दादाला ओल्या खोबऱ्याच्या आवडतात म्हणून त्या निराळ्या. पेढे संपल्यावर तार आली. तारवाल्यानं ती शशीच्याच हातात दिली, कारण तो आमच्या दाराशी उभा होता. मी त्या दिवसाचं जास्त काही लिहीत नाही. आईनं कढई उतरवली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं, आणि मग ती जमिनीवर बसली. तो धूर घरातून लवकर गेला नाही. दादाला लष्करानं तिकडंच, लांब कुठंतरी मातीत दिलं. आमच्या वाट्याला पुरायलासुद्धा काही आलं नाही.

बाबांचं बोलणं त्यानंतर तुटलं. कामावर जायचे, यायचे. चर्चमध्ये सगळे मिळून स्तोत्र म्हणायचे तेव्हा ते तोंड मिटून उभे राहायचे. शशी रोज संध्याकाळी यायचा, दारात उभा राहायचा, आई त्याला आत बोलावून जेवायला वाढायची. बाबा त्याच्याकडं बघायचे नाहीत, पण तो यायचा थांबला नाही आणि आई त्याला कधी एक वावगा शब्द बोलली नाही. वाढताना ती दोन भाकऱ्या जास्तच टाकायची आणि तो मान खाली घालून त्या संपवायचा.

उन्हं तापायला लागली तेव्हा एकदा आईनं ती डबी कपाटातून काढून बाबांसमोर ठेवली आणि धुवा म्हणाली. बाबा नाही म्हणाले. ती पुन्हा म्हणाली. तेव्हा खूप दिवसांनी ते एवढं बोलले.

"वळकटीच्या आत उजेड किती शिरलाय मला ठाऊक नाही. आत्ता निदान तो आहे असं म्हणता येतं. धुतला आणि नसला, तर मी काय करू?"

आई म्हणाली, "नसला तर नसला. पन माझं लेकरू अंधारात ठिवू नका."

न्हाणीघर हीच आमची अंधारखोली होती. दाराच्या फटीत गोधडी कोंबायची, कोनाड्यात बशा मांडायच्या. फिल्म धुताना तर लाल दिवासुद्धा चालत नाही, ठार काळोख लागतो. मी बशी धरायला आत होते. बाबांनी रोल औषधात सोडला आणि दोन्ही टोकं धरून वरखाली करायला लागले, पाण्याचा चुळुकचुळुक आवाज तेवढा येत होता. इथंही वेळ स्तोत्रावरच मोजायचा असे, तेविसावं इतक्या वेळा, की मग काढायचं. पण बाबांच्या तोंडून शब्द फुटेना. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, एकदा त्यांनी घसा साफ केला, सुरुवातीचा अर्धा शब्द आला आणि तिथंच बुडाला. फिल्म जास्त वेळ राहिली असती तर जे काही उरलं होतं तेही काळं झालं असतं. मला सुचेना काय करावं. तेवढ्यात दाराबाहेरून आईचा आवाज आला. ती गोधडीपाशी बसून स्तोत्र म्हणत होती, तिच्या गावाकडच्या उच्चारांत, बाबा म्हणायचे तेवढ्याच संथपणे. इतकी वर्षं आतून ऐकू येत होतं ते तिनं बाहेरून पाठ केलं होतं. एक झालं की क्षणभर थांबून ती पुन्हा सुरू करायची. बाबांचे हात चालत राहिले.

गच्चीवरचे फोटो जळून गेले होते. वळकटीत त्यांच्या आतल्या वेढ्यातला, डोंगरावरचा, वाचला होता. एका कडेनं आगीच्या जिभेसारखा पांढरा डाग आत घुसला होता, पण दादापर्यंत पोचला नव्हता. बाबांनी त्याच दिवशी कागदावर छापला आणि ओला फोटो आईपुढं धरला. कठड्यावर दादा बसलेला, गणवेशात, एका बाजूनं हसणारा, त्याचं बकलसुद्धा दिसत होतं. आणि त्याच्या छातीतून, पोटातून, खांद्यातून नगरचे दिवे दिसत होते.

आईनं तो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, ह्याच्या अंगातून दिवे दिसत्यात. बाबा घाईघाईनं समजावून सांगायला लागले, पहिला उजेड, दुसरा उजेड, तो मध्येच उठला, त्याच्या जागी मागचे दिवे उमटले. आई काही ऐकत नव्हती. पोराच्या मरणाची खूण फोटोत आधीच उतरली होती, तिला वाटत होतं ते हेच. तेव्हा मी म्हटलं, आई, तो कुठं गेला नव्हता. तो माझ्याजवळ येऊन बसला होता. मला भीती वाटत होती म्हणून.

आईनं फोटो बाजूला ठेवला आणि मला जवळ ओढलं. कसा बसला हुता, तिनं विचारलं. कुठल्या अंगाला? जर्सी अंगावर टाकली का हातात दिली? मी सगळं सांगितलं. आनिक काय म्हनला? सायकल पंक्चर झाली नाही ते बरं झालं म्हणाला, मी म्हटलं. धपाटे आवडले म्हणाला. राहुरीची मुलगी कशी आहे म्हणून विचारत होता. आई ऐकत होती आणि माझा उजवा हात, त्यानं धरलेला, तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

त्यानंतर फोटो भिंतीवर लागला, पण आई त्याच्याकडं क्वचितच बघायची. दादाची आठवण आली की ती मला हाक मारायची. सुले, सांग गं डोंगरावरचं. मी सांगायची. लग्न होऊन सावेडीला राहायला गेले तरी माहेरी आले की सांगायची. बाबा गेले, त्यांचा कॅमेरा शशीनं मागून नेला, आई माझ्याकडं आली, तरी सांगणं सुटलं नाही. आणि दर वेळी शेवटी ती विचारायचीच, आनिक काय म्हनला? बस, एवढंच, असं मी म्हणायची. आणखी एक गोष्ट होती, पण ती आईला सांगू नको असं दादानं मला बजावलं होतं, आणि मेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कसा.

आईच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तिचे पाय चेपत बसले होते. तिनं पुन्हा विचारलं. आनिक काय म्हनला? का कोण जाणे, मी सांगून टाकलं. दादा म्हणाला होता, सुले, मी तुझ्यासाठी नाही आलो, मलाच तिथं एकट्याला बसवेना. पहाऱ्यावर एकटा असतो ना, तेव्हा मला अंधाराची लई भीती वाटते. आईला सांगू नको.

आई छताकडं बघत होती. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "शाळंत जायाला लागला तरी उशाशी चिमनी लागायची त्याला. इझवली की उठून बसायचा." मग तिनं विचारलं, "तिकडं पहाऱ्यावर दिवा देत नसतील, न्हाई का गं?"

मी म्हटलं, नाही आई. देत नाहीत.